पौर्णिमेच्या रात्री, परतीची सोय

चोपडा

चि. भाऊ,

घरी 'बँकॉक फिरून येतो' सांगितलंस आणि मला मात्र थायलंडच्या कोह फांगान बेटावरच्या पौर्णिमेच्या पार्टीचं कळवलंस. बरं केलंस. जाऊ नको म्हणायला मला तोंड नाही. डीलर टूर संपल्यावर आम्ही तिघे चार दिवस जास्तीचे काढून तिथंच गेलो होतो. तुझ्या काकूला ते अजून ठाऊक नाही.

पार्टी होते तो हाद रिनचा किनारा कसा असतो म्हणशील, तर सारंगखेड्याची यात्रा आठव. तीही पौर्णिमेचीच. गर्दी तशीच, फक्त घोड्यांच्या जागी स्पीकर, आणि अंगाला चमकणारा रंग फासलेली जगभरची पोरं. पण कालनिर्णय बघून हॉटेल ठरवू नकोस. विशाख बुचा (आपली बुद्ध पौर्णिमा) किंवा माखा बुचासारखा सण त्या दिवशी आला, तर पार्टी एक दिवस सरकते.

तिथं दारू बादलीत मिळते. पोरं वाळूत खेळतात ना, तसली प्लास्टिकची बादली. तिच्यात दारूची चपटी, कोला आणि एनर्जी ड्रिंक ओततात, वर चार नळ्या. लागते सरबतासारखी. एनर्जी ड्रिंकमुळे डोळा लागत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला चढलीच नाही. चढलेली असते! एक बादली चौघांत घ्या, डोळ्यांसमोर बनवून घ्या, आणि खाली ठेवलेली पुन्हा उचलू नका. गोळ्याबिळ्या कुणी दिल्या तर सरळ पुढे चाल. तिथला कायदा फार कडक आहे, ई-सिगारेटसुद्धा चालत नाही.

पायात बूट घाल, चप्पल नाही. वाळूत फुटक्या बाटल्या असतात. आमच्यातल्या एकाला पेटत्या दोरावरून उड्या मारायची हुक्की आली. दोराचं काही झालं नाही, उतरताना काच घुसली. रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन फिरलो.

तापीत पोहतोस म्हणून समुद्रात शिरू नकोस. नदी एकाच बाजूला नेते, समुद्र पाठीमागून ओढतो. शिवाय त्या रात्री हजारो लोक त्याच पाण्यात लघवीला जातात, एवढं आठवलं तरी पुरे.

स्कूटर नको. हाद रिनचा रस्ता चढ-उताराचा, वळणाचा. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर पडल्यावर विमावालाही हात वर करतो. भाड्यासाठी पासपोर्ट ठेवून घेतात, तो तर मुळीच देऊ नकोस. आपल्या काळीपिवळीसारख्या सोंगथाव मिळतात, त्यात बस.

मुख्य गोष्ट, परतीची. आम्ही जाण्याचं सगळं ठरवलं होतं, येण्याचं काहीच नाही. पहाटे तिघांचेही फोन बंद, शेजारच्या सामुई बेटाच्या बोटीला ही झुंबड, आणि एक जण जखमी. तेव्हा दिवस मावळायच्या आत, शुद्धीत असताना ठरवा: कुठली बोट, चुकामूक झाली तर कुठल्या खांबाशी भेटायचं. हॉटेलचं नाव थाई अक्षरांत लिहून घेऊन चिठ्ठी खिशात ठेव. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155.

सूर्य तिथं समोर समुद्रातूनच वर येतो. तेवढा बघूनच नीघ.

बोट सुटली की मेसेज टाक, आईला नंतर कर. तिथं सात वाजले म्हणजे आपल्याकडे साडेपाच. मी उठलेलाच असतो.

तुझा,
काका