८ इंची दुर्बिणीतून एम१०१ दीर्घिका का सापडत नाही? तिची दृश्यप्रत (तेजस्वितेचा आकडा, जितका मोठा तितकी वस्तू मंद) तर ७.९ आहे.

दुर्बीण ठीक आहे, ७.९ हा आकडाच फसवा आहे. दृश्यप्रत सांगताना दीर्घिकेचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा झाला आहे असं धरतात. प्रत्यक्षात एम१०१चा प्रकाश जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेवर पसरलेला आहे. एम८२ या दुसऱ्या दीर्घिकेची प्रत ८.४, म्हणजे आकड्याने ती मंद, पण तिचा प्रकाश लहानशा पट्टीत एकवटलेला असल्याने ती चटकन दिसते.

मी ८ इंचीतूनच एम१०१ पाहतो, ते असं: निदान अर्धा तास अंधारात राहायचं, मोबाइल अजिबात बघायचा नाही. कमी वर्धनाची, रुंद क्षेत्राची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावायची. सप्तर्षीतल्या वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांशी एम१०१चा जो त्रिकोण होतो, त्याच्या तिसऱ्या टोकाला दुर्बीण न्यायची. आणि सर्वांत महत्त्वाचं, थेट बघायचं नाही, नजर जरा बाजूला ठेवायची. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी नसतात, त्या कडेला असतात. तरीही जाणवलं नाही तर नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. स्थिर असताना न कळणारा तो कडा नसलेला धुरकट डाग हलला की एकदम लक्षात येतो.

मात्र हे सगळं काळ्या आकाशाखालीच. शहरी उजेडात एम१०१ पार्श्वभूमीत बुडून जाते, आणि तेजोमेघांसाठीचे, ठरावीक रंगच आत सोडणारे फिल्टरही तिथे उपयोगी पडत नाहीत, कारण दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला असतो.