पॉलिसीच्या नावावर जाऊ नकोस, हप्ता उघडून बघ

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज मिळाला. आयुर्विमा घ्यायचाय, पण टर्म घेऊ, एंडोमेंट घेऊ की ते युनिट लिंक्ड घेऊ, तिन्ही एजंटांचं ऐकलं आणि तिघांचंही पटलं असं लिहिलंयस. पटणारच, त्यांचं कामच ते. मी विम्याच्या क्लेमच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीयेत, म्हणजे माणूस गेल्यावर फाइल जिथे येते तिथे, त्यामुळे माझा कल कुठल्या बाजूला असणार हे तुला कळेलच.

आधी सांग, तुझ्या कमाईवर आत्ता कोण अवलंबून आहे? कोणीच नसेल आणि डोक्यावर कर्जही नसेल तर घाई कशाची? तरुणपणी हप्ता कमी बसतो हे खरंय, पण जी गोष्ट नकोच आहे ती स्वस्तात मिळून काय करायची. आणि कोणी असेल तर ते अजून किती वर्षं अवलंबून राहणार ते बघ, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

नावं ढीगभर आहेत रे, पण कुठल्याही पॉलिसीच्या हप्त्यात फार तर तीन गोष्टी असतात: मृत्यूच्या जोखमीचे पैसे, कंपनीचा आणि एजंटचा खर्च, आणि बचतीचे पैसे. टर्ममध्ये बचत नसते. मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना पूर्ण रक्कम, मुदत संपेपर्यंत जगला तर काही नाही. हे 'काही नाही' लोकांना फार टोचतं आणि बाकीचे बरेच प्रकार त्या टोचण्यावरच विकले जातात असं माझं स्पष्ट मत आहे. भरलेले हप्ते परत देणारी टर्म पण असते, पण त्यासाठी हप्ता चांगलाच जास्त घेतात आणि वीस-तीस वर्षांनी परत मिळतं ते तेवढंच, व्याज कुठेय त्यात?

होल लाइफ, म्हणजे मुदत नसलेलं आयुष्यभराचं कव्हर, समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं. १६९३ मध्ये एडमंड हॅलीने, हो तोच धूमकेतूवाला, ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कुठल्या वयाची किती माणसं हयात असतात याचा तक्ता मांडला, आणि पुढे १७६२ मध्ये लंडनला इक्विटेबल सोसायटी सुरू झाली तिने विमा घेतानाच्या वयावरून हप्ता ठरवायचा आणि तो पुढे सारखाच ठेवायचा ही पद्धत रुळवली. आता गंमत बघ, जोखीम तर दरवर्षी वाढते, पंचविशीत नाममात्र आणि सत्तरीत जबरदस्त, मग हप्ता सारखा ठेवायचा तर सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त घ्यायचा आणि तो जादा पैसा म्हातारपणासाठी राखून ठेवायचा. मध्येच पॉलिसी सोडली की जी सरेंडर व्हॅल्यू मिळते ती याच राखलेल्या पैशातून येते, कंपनी खुशीने देते असं नाही. होल लाइफमध्ये क्लेम कधी ना कधी येणारच असतो, म्हणून तेवढ्याच कव्हरला टर्मच्या कितीतरी पट हप्ता बसतो. घरात आयुष्यभर सांभाळावं लागेल असं मूल असेल तर या प्रकाराला अर्थ आहे, एरवी मला फारसा दिसत नाही.

एंडोमेंट म्हणजे मुदतीत गेलं तरी पैसे, जगलं तरी पैसे. मनी बॅक त्यातलाच, फक्त पैसे मध्ये मध्ये तुकड्यांनी देतात. इथे तू गणित कर, कोणाचं ऐकू नकोस. समज दरवर्षाच्या सुरुवातीला १०० भरले, २० वर्षं, आणि शेवटी ३००० मिळाले. ऐकायला दीडपट वाटतं ना, पण वर्षाचा परतावा काढला तर जेमतेम पावणेचार टक्के निघतो, आणि महागाई ६ टक्के धरली तर साधारण १२ वर्षांत सगळ्याच्या किमती दुप्पट होतात. बोनसचंही, म्हणजे कंपनी नफ्यातून जो वाटा देते त्याचंही, तसंच, तो बहुतेकदा विमा रकमेवर लागतो, तू भरलेल्या पैशांवर नाही, आणि जाहीर होईपर्यंत त्याची हमी नसते. ज्याच्या हातात पैसा टिकतच नाही त्याच्यासाठी सक्तीची बचत म्हणून ठीक आहे, पण ते कव्हर म्हणून पुरत नाही.

युनिट लिंक्डमध्ये बचतीचा भाग बाजारात जातो, वरखाली झालं की ते तुझं. जोखमीचे पैसे आणि बाकीचे चार्जेस त्यातूनच कापले जातात. युनिव्हर्सल लाइफ हा अमेरिकेतला प्रकार, १९७०च्या दशकाच्या शेवटी आला, हप्ता कमीजास्त करायची सोय. व्याजदर चढे असताना सुंदर दिसला, मग दर पडले, वयाबरोबर जोखमीचा खर्च वाढत गेला आणि बऱ्याच जणांना उतारवयात जादा पैसे भरा नाहीतर पॉलिसी बंद अशी पत्रं आली. लवचिक शब्द दिसला की मी सावध होतो तो यामुळे.

ऑफिसचं ग्रुप कव्हर आहे म्हणून निवांत राहू नकोस, नोकरी सुटली की बहुतेकदा ते पण सुटतं. रायडरमध्ये, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या जादा सोयींमध्ये, अपंगत्व आलं तर हप्ते माफ होणारा बघ. अपघाती मृत्यूचा मला कधी पटला नाही, आजाराने गेलं तर घरचा खर्च कमी होतो का?

आणि फॉर्म स्वतः भर. एजंट भरतो, तू सही करतोस, आणि तंबाखू, जुनं ऑपरेशन, बीपीची गोळी सगळं 'नाही'वर टिक होऊन जातं, मग क्लेमच्या वेळी नेमकं तेच बाहेर येतं आणि तेव्हा उत्तर द्यायला तू नसतोस. मी अडकलेल्या बघितलेल्या फाइलींमध्ये हेच कारण पुन्हा पुन्हा असायचं. नॉमिनीचं नाव स्पेलिंगसकट तपास.

तुझ्या जागी मी असतो तर अवलंबून असलेल्यांची वर्षं गुणिले वर्षाचा खर्च, त्यात कर्ज मिळवून, आहे ती शिल्लक वजा करून तेवढ्याची साधी टर्म घेतली असती आणि बचत वेगळी ठेवली असती. तरी त्या एंडोमेंटवाल्याने आकड्यांचं जे पान दिलंय त्याचा फोटो पाठव, परतावा काढून बघू. पाठवायच्या आधी पाचव्या वर्षीचा सरेंडरचा आकडा त्यात स्वतः शोध, त्याला विचारलंस तर तो विसाव्या वर्षाचा सांगेल.