तेल बंद केलं, तरी रिपोर्ट तसाच!

“मॅडम, तेल कोणतं खाऊ?” कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आहाराच्या सल्ल्याला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच. त्यामागची भीती अशी, की तेल म्हणजेच कोलेस्टेरॉल. बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ने ती आणखी पक्की होते. वास्तविक शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याच वनस्पती तेलात ते नावापुरतंही नसतं. कंपनी फुकटचं श्रेय घेते.

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ, काम बैठं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 168. डॉक्टरांनी गोळीआधी आहारावर मुदत दिलेली. पत्नीने तीन महिने फोडणी थेंबावर आणली, पोळी कोरडी केली, शेंगदाणे बंद. नवा रिपोर्ट: एलडीएल 164, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 170 वरून 230.

“एवढं करून काय मिळालं?” बाई रडकुंडीला आल्या होत्या.

मी तेलाचा विषयच काढला नाही. “चार वाजता काय घेता?”

“चहा.”

“नुसता?”

“खारी असते. दोन.”

“चार,” बाई म्हणाल्या.

पुढच्या भेटीत खारीचं पाकीट मागवलं. मागची बारीक अक्षरं त्यांनीच चष्मा लावून वाचली: मैदा, पाम तेल, 100 ग्रॅममध्ये मेद 28 ग्रॅम, त्यात संपृक्त 14. थोडा वेळ पाकीट हातात धरून बसले. “म्हणजे कढईतलं सोडलं आणि खारीतून खाल्लं?”

हे माझ्या तोंडून आलं असतं तर उपदेश झाला असता. माणसाचं ताट त्याच्याकडूनच वाचून घ्यावं, या मताची मी आहे.

मेद काढला की भूक ती जागा भरून काढते. संपृक्त मेद म्हणजे तुपासारखा गोठणारा, असंपृक्त म्हणजे पातळ राहणारा. संपृक्ताच्या जागी असंपृक्त आला तर एलडीएल उतरतं. मैदा-साखर आली तर फारसा फरक पडत नाही, उलट ट्रायग्लिसराइड चढतात. या घरात शेंगदाण्यातला असंपृक्त मेद गेला आणि पाम तेलातला संपृक्त आला. पाम तेलात जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो.

मग तेल परत आणलं, पण मोजून. पूर्वी चौघांत 5 लिटरचा डबा महिन्यात संपे. 4,550 ग्रॅम, म्हणजे माणशी रोज 38. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला 25 आणि बाईला 20 ग्रॅम आहे, तेही तूप-लोणी धरून. या घरात दोन पुरुष, दोन बायका. म्हणजे सगळं मिळून महिन्याला 3 लिटर. डबा फोडल्याची तारीख त्यावरच लिहायची आणि फोडणीला 5 मिलीचा चमचा ठेवायचा. बुधलीची धार सुटली की हिशोब गेला.

रोजच्या फोडणीला शेंगदाणा तेल उत्तम; त्यात निम्म्याच्या आसपास एकेरी असंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) मेद. नेहमीच्या करडईत तीन चतुर्थांश लिनोलिक, म्हणजे ओमेगा-6 नावाचा असंपृक्त मेद. ते चटणी-कोशिंबिरीवर कच्चं घ्यावं, कारण असं तेल पुन्हा पुन्हा तापलं की लवकर बिघडतं. तळणीतलं उरलेलं गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीत संपवावं, कढईत परत नको.

ओमेगा-3 हा असंपृक्त मेदाचा दुसरा प्रकार या दोन्हींत नगण्य. त्यासाठी जवस: 1 मोठा चमचा पूड, साधारण 7 ग्रॅम, त्यातून दीड ग्रॅम मिळतं. आख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. मंद भाजून आठवड्यापुरतं कुटावं, डबी फ्रिजमध्ये ठेवावी. खवट वास आला की फेकून द्यावं. मासे खाणाऱ्यांना बांगडा-तारली आणखी सोयीची. चार वाजता मूठभर शेंगदाणे, मीठ न लावलेले.

तीन महिन्यांनी एलडीएल 139, ट्रायग्लिसराइड 160. डॉक्टरांनी गोळी पुढे ढकलली. हा निर्णय त्यांचाच. चालू असलेली गोळी जवसाच्या भरवशावर कुणी बंद करू नये.

“खारी आता रविवारी. दोनच,” ते म्हणाले. बाईंनी या वेळी आकडा दुरुस्त केला नाही.