लॉस एंजेलिसचं स्पॅनिश आणि तुमची मुलगी

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलगी पुण्यात एसवायबीएला, स्पॅनिश शिकतेय, लॉस एंजेलिसच्या एका मेक्सिकन घरातल्या मुलीशी रोज ऑनलाइन बोलते आणि पिकअप गाडीला 'कामिओनेता' सोडून इंग्रजी 'ट्रक'वरून आलेलं 'त्रोका' म्हणायला लागली म्हणून तुम्ही त्या गप्पाच बंद केल्यात, वर "असलं मजुरांचं स्पॅनिश शिकायला फी भरत नाही" असं सुनावलंत. मार्क 78 टक्के, त्यात काळजीचं काही नाही. मला टोचला तो 'मजुरांचं' शब्द. तो भाषेबद्दल नाहीये हो, माणसांबद्दल आहे.

तुम्हाला वाटतं की धड एकही भाषा येत नाही म्हणून तिकडची ही स्पॅनिश बोलणारी माणसं इंग्रजी मिसळतात. शाना पोपलॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन वस्तीत हेच तपासलं, 1980 साली छापलं, आणि निघालं उलटंच, वाक्याच्या अधेमधे भाषा बदलणारे बहुतेक दोन्ही भाषांत पक्के होते आणि बदलतानाही व्याकरण सहसा कुठलंच मोडत नव्हते. पार्कचं 'पार्केआर' होतं, टेक्स्टचं 'तेक्स्तेआर', म्हणजे शब्द इंग्रजी पण शेपूट स्पॅनिश, पुढची सगळी रूपं स्पॅनिश नियमाने चालतात. आपण 'गाडी पार्क केली' म्हणतो त्यातलं 'केली' मराठीच ना? तुमच्याच पत्रात 'ॲडमिशन कॅन्सल करून टाकू' आहे, बघा जरा.

हां, फरक माहीत हवा. 'कार्पेता' म्हणजे एरवी फोल्डर, तिकडे बरेच जण गालिच्याला म्हणतात. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या पेपरात तसं लिहिलं तर मार्क जातील, त्यासाठी क्लास आहेच. पण दुभाष्याचं काम दोन्ही कळण्यावरच चालतं. 1980 मध्येच फ्लोरिडात एका क्युबन घरच्यांनी आपल्या 18 वर्षांच्या मुलाला 'इंतोक्सिकादो' झालंय म्हटलं, म्हणजे खाण्यातून बाधलंय, डॉक्टरांनी इंग्रजी कानांनी 'इंटॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत, असं ऐकून ड्रग्जचा ओव्हरडोस धरला, मेंदूतला रक्तस्राव लक्षातच आला नाही आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. नीट दुभाषाच नव्हता तिथे.

डेलेची बी2 पातळी टीवायपर्यंत देऊ दे, तुम्ही म्हणता ते एमबीए नंतरही करता येतं. त्या गप्पा मात्र आजच सुरू करून द्या. आणि दोन पानी पत्रात मुलीला काय करायचंय याची एक ओळ नाही, तेव्हा पुढचं पत्र तिलाच लिहू दे, तुम्ही न वाचता पाठवा.