वाचकांचे प्रश्न : परभाषेतील भयकथा कशा वाचाव्यात?

आवडत्या अद्भुत आणि भयकादंबऱ्यांविषयी, तसेच परकीय भाषा शिकण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी देवगडला आंब्याची बाग सांभाळतो. नारायण धारपांच्या कथा शाळेत असल्यापासून वाचत आलो आहे. दोन वर्षे ऑनलाइन जर्मन शिकून ए २ पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालो. हौसेने एक जाडजूड जर्मन अद्भुत कादंबरी मागवली. परंतु शब्दकोश घेऊन बसलो तरी आठ दिवसांत सहा पाने झाली आणि सातव्या पानावर पोहोचेपर्यंत पहिले पान विसरलो. माझी पातळी कमी पडते आहे, की पद्धत चुकते आहे?

उत्तर : ए २ पातळीवर कादंबरी जड जाणारच, तरी आपली मुख्य अडचण पद्धतीची आहे. वर्गात भूतकाळाचे जे रूप आधी शिकवतात, ते बोलण्यातले असते. ‘मी पाहिले’ यासाठी ‘इश हाबं गेझेएन’. छापील कथेतला निवेदक मात्र ‘इश झा’ असे लिहितो. ‘कोमेन’, ‘गेएन’, ‘श्टेएन’ ही क्रियापदे आपल्या चांगल्या ओळखीची असूनही पानावर ती ‘काम’, ‘गिंग’, ‘श्टांट’ अशा वेषात येतात आणि आपल्याला दर वेळी शब्दकोश उघडावा लागतो. म्हणून पुस्तक पुन्हा हाती घेण्यापूर्वी अशा चाळीसेक क्रियापदांची कथनातील रूपे वहीत उतरवून तोंडपाठ करावीत. हे काम आठवड्याभराचे आहे आणि त्यानंतरचे वाचन निम्म्याने हलके होते.

दुसरी गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. ‘एर माख्टं दी ट्यूर लांगझाम आउफ’ या वाक्याचा अर्थ ‘त्याने दार हळूच उघडले’ असा आहे. यातला ‘आउफ’ हा शेवटचा तुकडा काढून तिथे ‘त्सू’ ठेवला, की ‘त्याने दार हळूच लावले’ असा अर्थ होतो. म्हणजे माणूस दारापाशी आहे, हात कडीवर आहे, हालचाल सावकाश चालली आहे, इतके सगळे कळूनही दार उघडले की लागले, हे शेवटच्या अक्षरांपर्यंत कळत नाही. इंग्रजीत हा उलगडा वाक्याच्या आरंभीच होऊन जातो. मराठी वाचकाला मात्र क्रियापदासाठी शेवटपर्यंत दम धरण्याची जन्मापासून सवय असते, आणि ती सवय जर्मन भयकथा वाचताना फार उपयोगी पडते.

पुस्तकाबाबत म्हणाल, तर मी ओटफ्रीड प्रॉइसलर यांची ‘क्राबाट’ ही १९७१ सालची कादंबरी सुचवीन. एक पोरका मुलगा पाणचक्कीवर उमेदवारी करू लागतो आणि तिथला मालक दळणाबरोबरच काळी विद्याही शिकवतो, एवढेच कथानक सांगते. वाक्ये आटोपशीर आहेत, संवाद भरपूर आहेत आणि मुख्य म्हणजे शब्द पुन्हा पुन्हा येतात. चक्कीची ‘म्यूलं’, डोमकावळ्याचा ‘राबं’, चक्कीवरच्या कारागिराचा ‘गेझेलं’ हे शब्द वीस पानांत आपलेसे होतात. दहा लेखकांच्या दहा लघुकथांपेक्षा एकाच लेखकाची कादंबरी नवशिक्याला सोपी जाते, ती याच कारणाने. प्रत्येक पान आधी शब्दकोशाविना, शक्यतो मोठ्याने, वाचावे. मग पाचच शब्द शोधावेत, आणि तेही त्या पानावर दोनदा आलेले. ‘ड्रॅक्युला’ आपण मराठीत वा इंग्रजीत वाचली असेल, तर तिचा जर्मन अनुवादही चांगला सोबती ठरेल. कथा माहीत असते आणि रोजनिश्या, पत्रे, तारा यांतून ती पुढे जात असल्याने रोजचा वाटा आपोआप ठरतो. मिखाएल एंडे यांची ‘दी उनएंटलिशं गेशिश्टं’ पुढच्या वर्षी घ्यावी. १९७९ च्या मूळ आवृत्तीत वास्तव जग आणि अद्भुत जग दोन वेगळ्या रंगांच्या शाईत छापले आहे, त्यामुळे आपण कोणत्या जगात आहोत याचा गोंधळ होत नाही.

रत्नागिरीत एका पावसाळी रात्री वीज गेली असताना मी मेणबत्तीच्या उजेडात एक जर्मन कथा वाचत होते. ‘एस क्लोप्फ्टं’ या दोन शब्दांपाशी आले आणि मान आपोआप दाराकडे वळली. त्याचे मराठी ‘थाप पडली’ असे होते, हे नंतर सुचले. थाप कोणी दिली, हे दोन्ही भाषा सांगत नाहीत. जर्मन मला येऊ लागले आहे, असा विश्वास त्या रात्री प्रथम वाटला. आपल्यालाही तो अनुभव येईल. तोवर पुस्तक सोडू नये.

प्रश्न : मालवणात आम्ही सहा जणी महिन्यातून एकदा जमून आवडत्या पुस्तकांविषयी बोलतो. मी भयकादंबरी आणली की दोघी-तिघी ‘हलके वाचन’ म्हणून नाक मुरडतात आणि एक मैत्रीण उत्साहाच्या भरात शेवट सांगून टाकते. काय करावे? ताजा कलम : आम्हा दोघींना जर्मन शिकताना ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी, हे पटत नाही.

उत्तर : नाक मुरडणाऱ्या मैत्रिणींना १८१६ सालची हकिकत सांगावी. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. त्यामुळे युरोपातला तो उन्हाळा थंडी-पावसात गेला. जिनिव्हा सरोवराकाठी उतरलेली बायरन, शेली हे इंग्रज कवी आणि त्यांची मंडळी घरात अडकून पडली आणि वेळ घालवण्यासाठी ‘फांतास्मागोरियाना’ हा भूतकथांचा संग्रह वाचू लागली. त्यातल्या कथा मूळ जर्मन, अनुवाद फ्रेंच आणि ऐकणारे इंग्रज. मग प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहावी, असे बायरनने सुचवले. शेलीची जोडीदार असलेल्या अठरा वर्षांच्या मेरीने तेव्हा जी कथा लिहायला घेतली, ती १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून प्रसिद्ध झाली. बायरनचे डॉक्टर पोलिडोरी यांची ‘द व्हँपायर’ ही कथाही त्याच बैठकीतून निघाली. पावसात कोंडलेल्या मित्रमंडळींनी तीन भाषांच्या वाटेने पोहोचलेले एक पुस्तक एकत्र वाचले नसते, तर या दोन्ही कथा लिहिल्या गेल्या नसत्या. अशा प्रकाराला हलके म्हणवत नाही.

शेवट फोडण्यावर माझा साधा उपाय आहे. पुस्तक सांगणारीने त्याविषयी बोलू नये, त्यातली दोन पाने वाचून दाखवावीत, आणि वाचताना तिला स्वतःला जिथे प्रथम अंगावर काटा आला तिथे थांबून पुस्तक पुढचीच्या हाती द्यावे. तुम्ही दोघींनी चार ओळी जर्मनमध्ये वाचून त्यांचे मराठी सगळ्या जणींकडून करून घ्यावे. तिथे खरी मौज आहे. जर्मन ‘निक्स’ पाण्यात राहतो. त्याला ‘गिऱ्हा’ म्हणावे की ‘जलपुरुष’? मी ‘गिऱ्हा’च म्हणेन, कारण तो शब्द उच्चारताच ऐकणारीला आपली खाडी दिसते. पण मुंजा, हडळ, समंध यांच्यामागे ते माणूस कोण होते आणि कसे मेले याची आपली समजूत उभी असते, म्हणून हे शब्द परक्या भुताला सरसकट लावू नयेत. पावसाळ्यात पुस्तके एकमेकींना देताना ती कोरडी करून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून द्यावीत; आपल्या दमट हवेत बुरशी फार लवकर धरते.

ताज्या कलमाचे उत्तर तुमच्या गावातच आहे. मालवणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगी, तसेच जर्मन ‘मेडशेन’. शब्दाच्या शेवटी लघुत्व दाखवणारा ‘शेन’ लागला, की जर्मनमध्ये तो शब्द नपुंसकलिंगी होतो.

प्रश्न : गुहागरला राहणारी माझी बारा वर्षांची मुलगी फक्त भुताच्या गोष्टी वाचते. शाळेत फ्रेंच घेतले आहे, त्याचा मात्र कंटाळा करते. भुताच्या गोष्टींतून तिला फ्रेंच शिकवता येईल का?

उत्तर : येईल, पण लगेच कादंबरी देऊ नये. फ्रेंच कादंबऱ्यांचे निवेदन बहुधा ‘पासे सँप्ल’ या भूतकाळात असते. तो बोलण्यात वापरत नाहीत आणि सुरुवातीच्या वर्षांत शिकवत नाहीत. म्हणून आधी चित्रकथा द्याव्यात, कारण त्या संवादांवर चालतात. चार वर्षांनी मोपासां यांची ‘ल ओर्ला’ ही १८८७ सालची कथा द्यावी. ती रोजनिशीच्या रूपात असल्याने तिची सुरुवात तरी वर्गात शिकलेल्या भूतकाळातच आहे. मात्र मनाचा तोल सुटण्याची ती कथा बारा वर्षांच्या मुलीसाठी नाही. भुताच्या गोष्टी चोरून वाचायची वेळ तिच्यावर आणू नये. झोप नीट लागते ना, एवढे पाहावे.

प्रश्न : मी रेवदंड्याचा, नुकताच निवृत्त झालो. अद्भुतकथांची आवड आहे. या वयात कोणती परकीय भाषा जमेल?

उत्तर : आपल्या गावावरून माझे मत पोर्तुगीजकडे झुकते. पाव, साबण, चावी, पगार, कोबी, घमेले हे पोर्तुगीजमधून आलेले शब्द आपण रोज बोलता, म्हणजे पहिल्या धड्याची तयारी झालेली आहे. जपानीही विचारात घ्यावी. तिच्यात क्रियापद शेवटी येते आणि ‘टोकियोहून’मधल्या ‘हून’सारखी अव्यये नामाच्या मागेच लागतात. परंतु तिची लिपी अनेक वर्षे मागते.

पोर्तुगीज घेतली, तर जुझे सारामागु यांच्या १९९५ सालच्या, एक शहर अकस्मात आंधळे होण्याच्या कादंबरीचा मोह होईल. माझ्या मते इतके भयंकर पुस्तक दुर्मीळच. पण त्यातले संवाद अवतरणचिन्हांविना, केवळ स्वल्पविरामांनी तोडून, लांबच लांब वाक्यांत गुंफलेले आहेत. ते तिसऱ्या वर्षी घ्यावे आणि आरंभ लोककथांच्या पातळ पुस्तकाने करावा. शिवाय खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. पोर्तुगीजांनी १७४० साली आपल्या गावालगतचे चौल सोडले, तरी तिथली ख्रिस्ती कुटुंबे आपली ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, अजून बोलतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत आणि क्रियापद मात्र मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. तिथल्या एखाद्या आजींना विनंती करून एक गोष्ट त्या भाषेत ऐकावी, आणि ओळखू येणारे शब्द वहीत उतरवून ती वही पहिल्या दिवशी शिक्षकांना दाखवावी.