चांगली नोकरी सोडून इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी लंडनला यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॉफ्टवेअरमधली नोकरी, पगार चांगला, संध्याकाळी वेळेवर घरी, वय तिशीच्या आसपास, नुकतंच लग्न झालेलं. आता कर्ज काढून लंडनला एमबीए करायचं आणि तिथून इन्व्हेस्टमेंट बँकेत शिरायचं, यावं की नाही? मी याच वाटेने आलो, काही वर्षं कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी, म्हणजे मर्जर्स अँड अ‍ॅक्विझिशन्समध्ये काढली आणि आता एका कंपनीत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणजे बँकर ज्यांच्याकडे डील घेऊन येतात त्यांच्यात. त्यामुळे माझं मत तटस्थ आहे असं समजू नका.

आधी एक खुलासा. मोठ्या बँकेत हजारो लोक टेक्नॉलॉजी, रिस्क, ऑपरेशन्समध्ये असतात. त्यांचं जगणं वेगळं. तुम्हाला जे हवंय ते कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर आणि भांडवल उभारणीवर सल्ला देणाऱ्या विभागात घडतं. तिथली उतरंड अशी: अ‍ॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर. व्हाइस प्रेसिडेंट हे नाव भारदस्त वाटतं, प्रत्यक्षात तो मधल्या फळीतला माणूस. एमबीए करून आलेला असोसिएट म्हणून लागतो. हाताखालचा अ‍ॅनालिस्ट वयाने बराच लहान, पण एक्सेलमध्ये तुमच्या दुप्पट वेगाचा, आणि त्याच्या कामातल्या चुका पकडायची जबाबदारी तुमची. हे पचवणं तासांपेक्षा जड जातं.

तासांबद्दल सगळेच बोलतात, पण ते का लागतात हे फारसं कोणी सांगत नाही. वरिष्ठ दिवसभर क्लायंटबरोबर असतात. पिचबुकवर, म्हणजे क्लायंटला दाखवायच्या सादरीकरणावर, त्यांचे शेरे येतात संध्याकाळी सात-आठला आणि सुधारित प्रत सकाळी हवी असते. म्हणजे दुपार वाट बघण्यात आणि रात्र कामात. त्यात बरंचसं काम आकडे जुळवण्याचं, तक्ते सरळ करण्याचं. २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या १३ नवख्या अ‍ॅनालिस्टांनी आपसात केलेली पाहणी बाहेर फुटली, त्यात आठवड्याची सरासरी ९५ तास होती. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठांसाठी बहुतेक वेळा ८० तासांची मर्यादा घातली आणि तीच सुधारणा ठरली! ब्रिटनच्या कायद्यात आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे, पण ती सोडून देत असल्याच्या कागदावर रुजू होतानाच सही घेतली जाते. तरीही खरं सांगू? डील जाहीर होते त्या सकाळची झिंग मला दुसऱ्या कुठल्याही कामात मिळालेली नाही.

पैसा आहेच. पण आकडा बघताना कर धरा. इथे एक लाख पौंडांच्या वर करमुक्त सवलत कमी होत जाते, त्यामुळे १,००,००० ते १,२५,१४० पौंडांच्या पट्ट्यात वाढीव कमाईवर प्राप्तिकर ६० टक्के बसतो, त्यापुढे ४५. बोनस हा कमाईचा मोठा वाटा आणि तो बाजाराच्या मर्जीवर. २०२१ मध्ये डील्सचा पूर होता, २०२२ मध्ये व्याजदर चढले आणि तो आटला. जानेवारी २०२३ मध्ये गोल्डमनने सुमारे ३,२०० जणांना घरी पाठवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये क्रेडिट स्विस ही बँक यूबीएस या दुसऱ्या बँकेच्या पदरात घालावं लागलं. तुम्ही आज फॉर्म भरलात तर नोकरी शोधायची वेळ येईल तेव्हा बाजार कसा असेल, ते तुमच्या हातात नाही.

आता माझा खरा आक्षेप. बँकिंगमध्ये नव्या माणसाला एकच संरक्षण असतं: नको झालं की सोडता येणं. इथले बरेच तरुण दोन-तीन वर्षं काढून प्रायव्हेट इक्विटीत (कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्याने विकणारे फंड) किंवा एखाद्या कंपनीत जातात, त्या हिशेबानेच ते रात्री काढतात. तुमचा स्किल्ड वर्कर व्हिसा मात्र मालकाला बांधलेला असणार. नोकरी गेली किंवा सोडली, तर साधारण ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. वर कर्जाचा हप्ता. देश आणि धंदा एकाच उडीत बदलला की तो दरवाजा बंद होतो. शिवाय जानेवारी २०२४ पासून एमबीएच्या विद्यार्थ्याला जोडीदाराला डिपेंडंट म्हणून आणता येत नाही. हे घरी आजच बोलून घ्या.

म्हणून मी म्हणेन, आधी धंदा बदला, देश नंतर. आहात तिथेच व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत ठरवणं), ड्यू डिलिजन्स (खरेदीआधीची कसून तपासणी) किंवा लहान अ‍ॅडव्हायझरी फर्ममध्ये शिरा, पगार थोडा कमी झाला तरी. तोवर घरी एक परीक्षा: एखाद्या लिस्टेड कंपनीचे तीन वार्षिक अहवाल घ्या, कोऱ्या शीटवर नफा-तोटा, ताळेबंद आणि कॅश फ्लो एकमेकांना जोडा. ताळेबंद जुळत नाही म्हणून रात्री एकला चिडचिड होते की डोकं आणखी चालायला लागतं, ते बघा. डील्सचा थोडा अनुभव गाठीला असला की एमबीएच्या मुलाखतीतही तुमच्या बोलण्याला वजन येतं.

तरीही थेट यायचंच ठरवलं, तर असाच कोर्स निवडा ज्यात उन्हाळी इंटर्नशिपला जागा आहे, कारण पक्क्या नोकऱ्या बहुतांश तिथूनच मिळतात. वर्षभराच्या अनेक कोर्सेसमध्ये ती सोय नसते आणि भरती पाय ठेवल्या ठेवल्या सुरू होते. कॉलेजच्या अहवालातला ‘फायनान्समध्ये गेलेले’ हा टक्का मोजू नका, त्यात विमा, फिनटेक, कंपन्यांचे हिशेब विभाग सगळं येतं. त्यांना लिहून विचारा की व्हिसा लागणारे, आधी फायनान्स न केलेले किती जण गेल्या वर्षी डील्सच्या टीममध्ये असोसिएट झाले. उत्तर मिळालं की इथे टाका, मी बघतो.