वाचकांचे प्रश्न : ग्रीसच्या क्रीट बेटावर किनाऱ्यापलीकडे

प्रश्न : जूनमध्ये हानिया शहराजवळच्या रिसॉर्टमध्ये आहोत. रोज समुद्रच नको. एक दिवस काय करावं?

उत्तर : सामरिया घळ उतरा. पहाटेच्या बसनं ओमालोस पठार गाठायचं. तिथून सुमारे १,२०० मीटरचा उतार, १६ किलोमीटर, पाच ते सात तास. दमछाक चढानं नव्हे, उतारानं होते. गुडघे बोलू लागतात. चपला नकोत, घट्ट तळव्याचे बूट हवेत. वाटेत झरे आहेत, एक बाटली पुरते. शेवटी आयिया रुमेली गावी पोहता येतं. तिथून मात्र मोटाररस्ता नाही. संध्याकाळची बोट चुकली तर मुक्काम तिथेच! म्हणून उशिरा निघू नका. अति उष्णतेत किंवा पावसात घळ बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी कराच.